अडीच दिवसांचे पाणी

अॅरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट हे गाव उन्हाळ्यात जवळजवळ ओस पडलेले असते; हिवाळ्यात मात्र त्याच्या भोवतालच्या वाळवंटात हजारो आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरे, येऊन उभी राहतात. मिनेसोटा, डाकोटा, कॅनडातील अल्बर्टा अशा बर्फाळ प्रदेशांतील निवृत्त मंडळी थंडीचे चार-पाच महिने येथे काढतात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामाची मैदाने राखून ठेवली आहेत. तेथे जागा मिळते, पण गाडीला जोडायला नळ नसतो आणि वीजही नसते. वीज छपरावरच्या सौर पॅनेलची, आणि पाणी टाकीत असेल तेवढेच. मी फिनिक्सहून व्हॅनमध्ये हत्यारे भरून हिवाळाभर या मैदानांतून आरव्ही दुरुस्तीची कामे करत फिरतो. माझे लहानपण माण तालुक्यात टँकरच्या वेळा सांभाळण्यात गेले. त्यामुळे पाणी मोजून वापरणाऱ्या माणसाची तक्रार मला पटकन कळते, असा माझा समज होता. त्या समजाला ज्या कामाने थोडा धक्का दिला, ते काम हे.

जानेवारीतील एका सकाळी ज्या बाईंकडे मी गेलो, त्या आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि २६ फुटी ट्रेलर स्वतःच्या पिकअपला जोडून एकट्याच हिंडणाऱ्या होत्या. ट्रेलरची गोड्या पाण्याची टाकी ४५ गॅलनची, म्हणजे १७० लिटरची. एरवी ती त्यांना दहा-अकरा दिवस पुरत असे. या हंगामात पाच दिवसांत संपू लागली होती. पलंगाजवळच्या कोपऱ्यात गालिचा ओला लागत होता. शिवाय कोणताही नळ उघडा नसताना पंप मधूनच क्षणभर भुर्र करून थांबत असे, आणि त्या आवाजाने झोप मोडते म्हणून त्या रात्री तो बंदच ठेवत. आधी येऊन गेलेल्या एका मेकॅनिकने पंप बदलला होता, तरी आवाज तसाच चालू होता. बोलता बोलता बाई आणखी एक गोष्ट म्हणाल्या होत्या, की टाकी भरून आणली की संध्याकाळपर्यंत पातळीच्या चार दिव्यांतला वरचा दिवा विझलेला असतो. आरव्हीतले हे दिवे इतके बेभरवशाचे असतात की मी ते ऐकून सोडून दिले. ती माझी त्या दिवसातली पहिली चूक होती.

आपोआप सुरू होणारा पंप काय सांगतो, हे आधी स्पष्ट करायला हवे. आरव्हीतला पंप १२ व्होल्टवर चालतो आणि त्यातच दाबाचा स्विच असतो. सगळे नळ बंद असले की पाइपांतला दाब दर चौरस इंचाला ५५ पाउंडांपर्यंत चढतो आणि पंप थांबतो. दाब ४० च्या आसपास उतरला की तो पुन्हा सुरू होतो. नळ न उघडता दाब उतरत असेल, तर एकतर पाइपांतून कुठेतरी पाणी बाहेर जात असते, किंवा पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब होऊन ते उलटे टाकीत परतत असते. आधीच्या मेकॅनिकने दुसरी शक्यता धरून पंप बदलला, यात मूर्खपणा काही नाही. फक्त पहिली शक्यता तपासायची राहून गेली.

मी पाइपांच्या सर्वांत खालच्या निचऱ्याच्या तोंडाला दाबमापक बसवला, पंप चालवून दाब ५५ वर नेला, पंपाचे बटण बंद केले आणि घड्याळ लावले. काटा ४० वर यायला १७ मिनिटे लागली. मग पाणी तापवण्याच्या टाकीमागचे तिन्ही व्हॉल्व्ह बंद केले. असे केल्याने गरम पाण्याची सगळी बाजू थंड बाजूपासून तुटते. पुन्हा ५५ वर नेले आणि थांबलो. अर्ध्या तासानंतरही काटा ५३ च्या खाली उतरला नव्हता. म्हणजे पंप निर्दोष, थंड पाण्याचे पाइप निर्दोष, दोष गरम बाजूला. या अर्ध्या तासात हाताला काही काम नसते, आणि पैसे देणारे गिऱ्हाईक समोर बसलेले असताना नुसते काट्याकडे बघत राहणे अवघड जाते. पण गळती शोधण्याचे निम्मे काम हे असे बसून राहण्याचेच असते. बाईंनी तेवढ्यात कॉफी केली, आणि ती करताना भांडे विसळलेले पाणी एका बादलीत जमा केले. ती बादली पाहून मला आमच्या मोरीतली बादली आठवली.

गरम बाजूला सांधे फार नव्हते. बाथरूमचे बेसिन, शॉवर, स्वयंपाकघराचा नळ आणि हीटरची मागची जोडणी, प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला आणि दाब पुन्हा चढवला. पाव तासाने सगळे कागद कोरडेच होते. राहिला होता बाहेरच्या शॉवरचा डबा. बहुतेक ट्रेलरांच्या बाहेरच्या अंगाला एक लहानसे झाकण असते आणि त्यामागे पाय धुण्यासाठी दोन नळ आणि एक रबरी नळी असते. बाईंनी सात वर्षांत तो डबा एकदाही उघडला नव्हता. त्याची मागची बाजू स्वयंपाकघराच्या ड्रॉवरांमागे येत होती. तिन्ही ड्रॉवर काढले, पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बोटांच्या मागच्या बाजूने चाचपत गेलो, कारण ओल तळव्यापेक्षा तेथे लवकर कळते. थंडगार प्लायवूडवर कोमट पाणी लागले. मोबाइल आत सरकवून फोटो काढला, तेव्हा गरम पाण्याच्या नळाच्या प्लास्टिकच्या मानेवर केसाएवढी उभी चीर दिसली. तिच्या खालच्या टोकाला थेंब फुगत होता, सुटत होता, आणि लगेच पुढचा फुगू लागत होता.

चिरेचे कारण बाईंनीच उलगडून दिले. दरवर्षी त्या बर्फ पडण्याआधीच मिनेसोटा सोडत. या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे नोव्हेंबरअखेरपर्यंत घरीच अडकल्या आणि ट्रेलर अंगणात गोठणाऱ्या थंडीत उभा राहिला. तशा थंडीआधी पाइपांतले पाणी काढून, पंपाने गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रव्य सगळ्या नळांतून खेळवायचे असते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ते केले आणि नेटाने केले. घरातला प्रत्येक नळ गुलाबी धार येईपर्यंत उघडला. बाहेरचा शॉवर वापरातच नसल्यामुळे तो मात्र कोणाच्या मनातही आला नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि दोन बंद नळांमागच्या बोटभर पाण्याला फुगायला दुसरीकडे जागा नव्हती. थंड पाण्याचा नळ कसा वाचला, हे मला सांगता येणार नाही.

गालिचाचेही कोडे सुटले. चीर ट्रेलरच्या मध्यभागी होती आणि ओल तिथून जवळपास तीन मीटर पुढे. ट्रेलर पुढच्या बाजूला किंचित उतरता उभा होता. पाणी भिंतीच्या पायाशी वायरींसाठी ठेवलेल्या खाचेतून पलंगाकडे गेले होते, आणि बरेचसे फरशीतल्या छिद्रांतून पोटाच्या पत्र्यात उतरले होते. पत्रा म्हणायचे एवढेच, असते ते नालीदार प्लास्टिक. मी खाली सरपटत गेलो तेव्हा ते एका जागी म्हशीच्या पोटासारखे लोंबत होते. कटरने बोटभर छेद दिला आणि बादली लावली. बादली जवळजवळ भरली.

शॉवर नकोच, असे बाई म्हणाल्या. तेव्हा तो डबाच काढून टाकला, दोन्ही पेक्स, म्हणजे लवचीक प्लास्टिकचे, पाइप सरळ कापून त्यांच्या तोंडांत बूच बसवले, त्यांवर तांब्याच्या रिंगा दाबल्या आणि रिंग पुरेशी दाबली गेली की नाही ते मापाने तपासले. दाब ५५ वर नेला. पाऊण तास काटा हलला नाही. पंप गप्प होता, आणि बाईंनी चेकबुक काढले.

येथे काम संपायला हरकत नव्हती. पण डबा काढण्याआधी मी चिरेखाली सतरा मिनिटे वाटी धरली होती, आणि वाटीत सुमारे १०० मिलिलिटर पाणी जमले होते. बिल लिहिताना तो आकडा सहज मनात घोळला. पंप दिवसाचे सोळा तास चालू धरला, तर या चिरेतून रोज साडेपाच-पावणेसहा लिटर जाणार. बाई टाकी भरल्याच्या तारखा एका वहीत लिहीत असत. आधीच्या हिवाळ्यांतल्या नोंदींवरून त्यांचा रोजचा वापर १६ लिटरांच्या आसपास निघत होता. दोन्ही मिळून २२ लिटर. १७० लिटरांची टाकी त्या हिशोबाने साडेसात दिवस तरी पुरायला हवी होती, आणि वहीत सलग चार वेळा पाचच दिवस लिहिलेले होते. म्हणजे अडीच दिवसांचे पाणी, पन्नास-साठ लिटर, चिरेतून न जाता दुसरीकडेच जात होते. मी बिल अर्धवट ठेवले आणि त्यांना तसे सांगितले. त्यांनी वही माझ्या हातून घेतली, स्वतः भागाकार केला आणि म्हणाल्या, "मग दिवा विझतो तो उगाच विझत नाही."

टाकी स्वतः गळत असेल, तर पंप त्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण टाकीत दाबच नसतो. मी पुन्हा खाली गेलो. टाकीचा तळ, निचऱ्याचा नळ, भरण्याच्या नळीची जोडणी, सगळे बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि सगळे कोरडे होते. अर्थात टाकीही त्या दिवशी जेमतेम पाव भरलेली होती, आणि वरच्या भागातली गळती पाव भरलेल्या टाकीत कशी दिसणार? तेव्हा भरलेली टाकी पाहायचे ठरले. बाई या वर्षी ला पोसा मैदानाच्या उत्तर भागात उतरल्या होत्या; पाणी भरण्याची आणि सांडपाणी सोडण्याची सोय दक्षिण भागात आहे. पूर्वी त्या दक्षिण भागातच, पाण्याच्या नळाजवळ मुक्काम करत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रेलर जोडला आणि मी व्हॅन घेऊन मागे निघालो.

जाताना काहीच दिसले नाही. टाकी ओव्हरफ्लोच्या नळीतून धार येईपर्यंत भरली, धार थांबली, मी वाकून खाली पाहिले, कोरडे होते. परत निघालो. पहिल्या वळणानंतर बाईंनी वेग घेतला, आणि माझ्या समोरच्या धुळीत एक काळसर रेघ उमटू लागली. करंगळीएवढी धार ट्रेलरच्या मागच्या चाकाजवळून रस्त्यावर पडत होती. गाडी एका कोरड्या ओढ्यात उतरली तेव्हा ती तुटली, चढ लागला तेव्हा पुन्हा लागली. रस्ताभर हेच चालले होते. मुक्कामावर पोहोचून मी व्हॅनमधून उडी टाकून धावलो तोवर दोन-चार थेंब गळले आणि सारे थांबले. दहा मिनिटांत त्या हवेत ओलावाही उरला नसता. वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात ओल पुरावा म्हणून टिकत नाही. बाईंनी पातळीचे बटण दाबले. वरचा दिवा लागला नाही.

शाळेत आपण जिला वक्रनलिका म्हणून शिकलो, आणि रॉकेलवाला नळीला तोंड लावून पिंपातून रॉकेल काढायचा तेव्हा जी पाहिली, तीच ही. टाकी लांब आणि उथळ होती, ओव्हरफ्लोची नळी तिच्या मागच्या, वरच्या कोपऱ्यातून निघून थेट खाली रस्त्याकडे सोडलेली होती. गाडीने वेग घेतला किंवा चढ लागला की पाणी मागे धावून नळीचे तोंड बुडवायचे, नळी भरायची, आणि मग तिचे खालचे टोक पाणी ओढत राहायचे, वरचे तोंड उघडे पडेपर्यंत. पुढच्या हिसक्याला पुन्हा तेच. उभ्या गाडीत यातले काहीच घडत नाही, आणि आम्ही मेकॅनिक गाड्या उभ्याच पाहतो. पूर्वी मुक्काम नळाजवळ असल्यामुळे बाई भरल्या टाकीनिशी दोन-चारशे मीटर हळू येत असत. या वर्षी हमरस्ता आणि ओढे पार करून काही किलोमीटर यावे लागत होते.

अशा नळीला लोक साधा बॉल व्हॉल्व्ह बसवतात. मला तो येथे नको वाटला, कारण टाकी भरताना तो उघडायचा राहिला तर टाकी फुगून फाटू शकते. त्याऐवजी नळी टाकीच्या माथ्यावरून वर पलंगाखालच्या कपाटात नेली, तेथे तिला उलट्या यूचा वळसा दिला, वळशाच्या माथ्यावर हवा घेणारा लहान व्हॉल्व्ह बसवला आणि मग ती पुन्हा खाली सोडली. नळी ओढू लागली की माथ्यावर हवा शिरते आणि ओढ तुटते. पोटाचे प्लास्टिक उतरवणे, ओला झालेला इन्सुलेशनचा तुकडा काढणे आणि पुन्हा सगळे शिवल्यासारखे बंद करणे, यातच दुपार गेली. संध्याकाळी परतताना गावातल्या स्मशानभूमीजवळून गेलो. तेथे हाजी अली या उंटवाल्याची पिरॅमिडच्या आकाराची समाधी आहे. अमेरिकी सैन्याने १८५६ मध्ये या कोरड्या मुलखासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तो आला आणि १९०२ मध्ये येथेच वारला. समाधीच्या टोकावर धातूचा उंट आहे. पाणी नेण्याचे ते वाहन तरी रस्त्यात गळत नव्हते, असा एक विनोद मला सुचला. ऐकायला व्हॅनमध्ये कोणी नव्हते.

अकराव्या दिवशी बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाच, पाच, पाच, पाच या ओळीखाली दहा लिहिले होते, आणि कंसात "शेवटच्या दिवशी केस धुतले" असे. आधीच्या मेकॅनिकने काढलेला जुना पंप त्यांनी पिकअपच्या सीटखाली ठेवला होता. मी तो बॅटरीला लावून पाहिला, तेव्हा ५५ पाउंडांवर बिनतक्रार थांबला आणि थांबलेलाच राहिला. बाईंनी तो मला देऊन टाकला. हल्ली लोकांच्या पाइपांचा दाब तपासायला मी तोच वापरतो.