ब्लॅकबर्न ब्लॅकबर्ड, १:७२ – धड आणि टॉर्पेडो तयार, चाकांचा निकाल लागला

ब्लॅकबर्ड या ब्रिटिश टॉर्पेडो-विमानाचं मूळच्या १/७२ मापाचं मॉडेल करतोय, त्याच्या धडाच्या चारही बाजू चिकटवून झाल्या. स्क्रॅच बिल्डला (तयार किट न घेता सगळे भाग स्वतः बनवायला) हेच विमान कशाला, असं विचारणाऱ्यांनी त्याचा बाजूने काढलेला फोटो बघावा. इंजिनापासून शेपटीपर्यंत एकाच उंचीचं सरळ खोकं! कारखान्यात झटपट बनावं म्हणून १९१८ साली तसं आखलं होतं, आता त्याचा फायदा मला. १ मिमी प्लास्टिक शीट, आत आडव्या भिंती, कडांना बारीक सँडपेपर. बेढब आहे खरं, पण मला आवडतं.

टॉर्पेडो तर फारच सोपा निघाला. १८ इंच भागिले ७२ म्हणजे बरोबर पाव इंच! हार्डवेअरच्या दुकानातला पाव इंची अॅल्युमिनियम रॉड ड्रिलमध्ये धरला, फाईलने नाक गोल केलं, मागे शीटचे छोटे पर लावले.

खरी गोम या टॉर्पेडोतच आहे. सॉपविथ कुकू हे आधीचं टॉर्पेडो-विमान साधारण १,००० पौंडांचा टॉर्पेडो न्यायचं, पण ब्रिटिशांना त्याहून जड, १,४२३ पौंडांचा मार्क ८ टॉर्पेडो न्यायचा होता. त्यासाठी ब्लॅकबर्ड आणि शॉर्ट शर्ल ही दोन विमानं झाली, दोन्हींना रोल्स-रॉइस ईगल ८ इंजिन. पण ब्लॅकबर्डच्या चाकांचा आस टॉर्पेडोच्या वाटेत आडवा! म्हणून उड्डाणानंतर आधी चाकं टाकून द्यायची, मग टॉर्पेडो सोडायचा आणि उतरायचं स्किडवर (पोटाखालच्या घसरपट्ट्यांवर). त्यात वैमानिक एकटाच. चाचण्यांत कुकूची चपळाई दोघांनाही जमली नाही. ब्लॅकबर्ड तीन नमुन्यांवर थांबलं, अनुक्रमांक एन ११३ ते एन ११५.

त्यामुळे मी चाकं लावणारच नाही. चाकं टाकलेली, टॉर्पेडो अजून पोटाखाली, अशा अवस्थेत ते स्टँडवर उडताना दाखवायचं. स्किड पितळी तारेचे, डाग देऊन जोडलेले. शीटचे केले तर हात लागताच मोडतील. पंखा म्हणून पारदर्शक अॅसिटेटची चकती.

पुढचं काम पंखांचं. पल्ला २२२ मिमी, प्रत्येक बाजूला स्ट्रटच्या (वरच्या-खालच्या पंखांमधल्या उभ्या दांड्यांच्या) तीन जोड्या, म्हणजे तारांचं जंगल. त्यासाठी गळाची सर्वांत बारीक तंगूस आणली आहे. खालच्या पंखाला आरपार भोकं, वरच्याला अर्धवट. तंगूस वर फेविक्विकने पक्की करून खालून ओढायची. ती आधीच काळपट रंगवून घ्यावी की ताणल्यावर ब्रश फिरवावा? ज्यांनी तीन बे असलेलं (म्हणजे स्ट्रटच्या अशा तीन जोड्यांचं) बायप्लेन केलंय, त्यांनी सांगा. वरचा पंख बसवायचं तोवर थांबवतो.