मंगळवारचा बाजार, पुलावरचे नंदी

बाबांना इंग्लंड दाखवायचं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. लंडन त्यांनी पहिल्याच आठवड्यात उरकलं. राजवाडा "बाहेरून ठीक आहे", आणि टेम्स नदी "गढूळ". वाईच्या माणसाला नदीचं कौतुक सांगायला जाऊच नये. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "इथला एखादा खरा बाजार दाखव. मॉल नको. बाजार."

म्हणून मे महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही दोघं रेडिंगहून मॉर्टन-इन-मार्शला गेलो. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमधलं हे छोटं गाव. लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट गाडी आहे, दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. मंगळवारच धरायचं कारण म्हणजे इथला आठवडी बाजार. १२२७ मध्ये या गावाला बाजार भरवायची सनद मिळाली. "म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव होते तेव्हा," बाबांनी गाडीतच हिशेब लावला.

स्टेशनातून बाहेर पडून चार पावलं चाललं की हाय स्ट्रीट. हा रस्ता रोमनांनी आखलेला. एक्सेटर ते लिंकन असा जाणारा त्यांचा फॉस वे गावाच्या मधोमध जातो, आणि तोच इथला मुख्य रस्ता. म्हणूनच तो पट्टी लावून काढल्यासारखा सरळ आहे. रुंदही भरपूर, बाजार मावावा असा. दोन्ही बाजूंची घरं पिवळ्या चुनखडीच्या दगडाची. इंग्रजीत सगळे त्याला मधाचा रंग म्हणतात. बाबांना तो कोल्हापुरी गुळाचा वाटला. आता मलाही गुळाचाच दिसतो, काही इलाज नाही.

बाजार म्हणजे पांढऱ्या-निळ्या ताडपत्र्यांच्या पालांच्या रांगा. चीज, पाव, रोपं, चामडी पट्टे, पडद्यांचं कापड, कुत्र्यांच्या गाद्या, मासळीची गाडी. पर्यटकांसाठी सजवलेला बाजार नाही हा. गावातल्या आजीबाई चाकांची पिशवी ओढत येतात, एका पालावर दहा मिनिटं गप्पा मारतात आणि अर्धा डझन अंडी घेऊन जातात. बाबा रमले ते भाजी-फळांच्या पालापाशी. तिथे वजन-काटा जवळजवळ नाहीच. प्लॅस्टिकच्या वाडग्यांत फळं रचून ठेवलेली आणि प्रत्येक वाडग्याला एकच भाव.

"अगं, हे तर वाटे!" बाबा इतक्या मोठ्यांदा म्हणाले की दुकानदार वळून बघायला लागला. आपल्याकडे गोणपाटावर वांग्या-टोमॅटोचे वाटे लावतात, तसेच. मग बाबांनी वाईच्या मंडईत करतात तेच केलं. वाडग्यातल्या वरच्या स्ट्रॉबेऱ्या बाजूला सारून खालच्या बघायला सुरुवात केली. मी घाईने म्हटलं, "बाबा, इथे हात नाही लावायचा." दुकानदार मात्र हसला. म्हणाला, "बघ डार्लिंग, खालचीही चांगलीच आहेत." सत्तरीतल्या माझ्या बाबांना डार्लिंग म्हणणारी माणसं त्यांच्या आयुष्यात फारशी आली नसावीत. दोन वाडगे घेतले. पिशवीत रिकामे करून वाडगा परत, हेही अगदी आपल्यासारखंच.

हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक ठेंगणा मनोरा आहे, कर्फ्यू टॉवर. सोळाव्या शतकातला. बघायला काही भव्य नाही, चुकून पुढे निघून जाल. आत १६३३ सालची घंटा आहे आणि १८६० पर्यंत ती रोज रात्री वाजवली जायची. चुली विझवा, आग झाका, असा इशारा. गावात गोष्ट सांगतात की सर रॉबर्ट फ्राय नावाचे गृहस्थ धुक्यात वाट चुकले, या घंटेच्या आवाजाने घरी पोचले आणि तिच्यासाठी पैसे ठेवून गेले. मनोऱ्याच्या भिंतीवर १९०५ सालचा एक फलक आहे, बाजारात माल मांडणाऱ्यांनी कर किती द्यायचा याचा. "पावती फाडायला इथेही येत होते म्हणायचे," बाबा म्हणाले, आणि चष्मा वर करून सगळा फलक वाचून काढला.

घंटा म्हटली की बाबांना मेणवली आठवणारच. वाईपासून चार-पाच किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली कृष्णेचा घाट, आणि घाटावर ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीज चर्चमधली. तिथल्या देवळापाशी चर्चची घंटा आणि इथे चर्चच्या देशात चुली विझवायची घंटा, यावर त्यांनी मला चहा होईपर्यंत ऐकवलं. नाना फडणवीस पुढे या लेखात परत येणार आहेत, तेव्हा लक्षात असू द्या.

रस्त्याच्या मधोमध रेड्सडेल हॉल उभा आहे, १८८७ चा. तो बांधवून घेणाऱ्या मिटफर्ड साहेबांनीच गावाबाहेर बॅट्सफर्डची वृक्षबाग लावली. हे गृहस्थ तरुणपणी जपानमध्ये वकिलातीत होते. आमचा बेत खरं तर दुपारी सेझिनकोट नावाचं जवळचं जुनं घर आणि त्याची बाग बघण्याचा होता. टॅक्सीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आज बंद." चूक सर्वस्वी माझी. बाजार मंगळवारी असतो एवढंच मी पाहिलं होतं, बाग कोणत्या वारी उघडी असते ते पाहायचं राहिलं. तुम्ही येणार असाल तर दोन्ही नीट बघून मगच तिकिटं काढा.

मग शेतांतल्या पायवाटेने मेंढरांमधून चालत बॅट्सफर्ड गाठलं. अडीचएक किलोमीटर. छप्पन्न एकरांची बाग, जपानी मेपल, चेरी, बांबू, मधूनच ब्राँझचा बुद्ध. मे महिन्यात रुमालाचं झाड फुलतं, म्हणजे फांद्यांवर पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखं दिसतं. छान आहे. पण खरं सांगायचं तर आम्ही दोघंही पायाने दमलो होतो आणि पिशवीतल्या स्ट्रॉबेऱ्या चिरडत चालल्या होत्या. बुद्धासमोरच्या उतारावर बसून त्या संपवल्या.

गुरुवारी सुट्टी टाकली आणि गाडी काढली.

सेझिनकोट. उच्चार सीझनकोट असा काहीतरी. मॉर्टनपासून चारेक किलोमीटर. ओकच्या झाडांमधून लांबलचक खासगी रस्ता जातो. बाजूला मेंढ्या, कुरण, सगळं कॅलेंडरवरचं इंग्लंड. आणि मग झाडीच्या वर एक घुमट दिसतो. कांद्याच्या आकाराचा, तांब्याचा, हवा लागून हिरवा पडलेला. देवघरातला तांब्या महिनाभर घासला नाही की जसा होतो, तसा. कोपऱ्यांवर छत्र्या, खाली रुंद छज्जा, खिडक्यांना मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी. बाबा गाडीतून उतरले आणि काहीच बोलले नाहीत. ही फार मोठी गोष्ट आहे.

घराची कूळकथा अशी. चार्ल्स कॉकरेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा करून परत आला. ही जागा त्याच्या थोरल्या भावाने घेतली होती. भाऊ १७९८ मध्ये वारला आणि ती चार्ल्सकडे आली. त्याने १८०५ च्या सुमारास घर बांधायला घेतलं आणि काम दिलं दुसऱ्या भावाला. सॅम्युएल पेपिस कॉकरेल हा नावाजलेला वास्तुविशारद, पण हिंदुस्थानात कधी पाऊल न टाकलेला. मग हिंदुस्थानी सजावट आली कुठून? थॉमस डॅनियल या चित्रकाराकडून. तो पुतण्याला घेऊन १७८६ ते १७९३ आपल्याकडे भटकला होता. १८०७ मध्ये युवराज इथे येऊन गेला आणि पुढे ब्राइटनला समुद्राकाठी त्याचा घुमटांचा महाल उभा राहिला. आपल्याकडचे पाहुणे ब्राइटनच्या महालापुढे फोटो काढतात. त्याआधीचं हे घर मात्र बघत नाहीत.

घर आतून साधं इंग्रजी पद्धतीचं आहे. वर मुघल पागोटं, आत विलायती कोट. मला त्यापेक्षा बाग आवडली. ओढ्याच्या काठाने वरून खाली उतरत जाते. वर सूर्याचं छोटं देऊळ आणि त्यापुढे गोल तळं, खाली एका खोडाला वेटोळं घातलेला तीन फण्यांचा नाग, त्याच्या तोंडातून पाणी. आणि या दोन्हींच्या मध्ये तो पूल. घराकडे जाणारा गाडीरस्ता त्यावरूनच जातो. कठड्यांवर नंदी बसलेत. अस्सल वशिंडाचे, पाय दुमडून. पुलाखाली पाण्यात पावलं टाकायला दगड मांडलेत, त्यांवरून वाकून आत गेलं की जाड, बुटके खांब आणि अंधार. दोन क्षण घारापुरीच्या लेण्यात उभं असल्यासारखं वाटतं. मग डोक्यावरून कुणाची तरी गाडी जाते.

बाबांची तक्रार एकच. "नंदी म्हटला की समोर गाभारा पाहिजे. इथे समोर पार्किंग." पण या नंदींवरून त्या काळीही खल झाला होता. ते हलवावेत असा विचार निघाला तेव्हा डॅनियलने कॉकरेलला लिहिलं, की प्रत्यक्ष विश्वकर्म्याने येऊन सेझिनकोट बघितलं तर तोही म्हणेल, बैल आहेत तिथेच राहू द्या. हे वाचून दाखवल्यावर बाबा जरा निवळले. विश्वकर्मा ठाऊक असलेला साहेब त्यांना मान्य होता.

आणि इथे मेणवली परत येते. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र रंगवणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली आणि १७९५ मध्ये तो वारला. ती रेखाटनं १८०३ मध्ये लंडनमध्ये छापून आणली ती याच थॉमस डॅनियलने. म्हणजे वेरूळवर काम केलेला हात दोनेक वर्षांत या पुलावर नंदी बसवत होता. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, "नाना बसले असतील त्याच्यासमोर. किती वेळ बसले असतील? हलले नसतील."

संध्याकाळ व्हायला वेळ होता. मी चास्टलटन सुचवलं. १६०७ ते १६१२ मध्ये बांधलेला वाडा, जवळजवळ चार शतकं एकाच घराण्याकडे राहिलेला, फारसं काही न बदलता. क्रोके या हिरवळीवरच्या चेंडूच्या खेळाचे नियम इथे १८६५ मध्ये तयार झाले. मी पूर्वी पाहिलंय, धूळ तशीच जपलेली आहे आणि शेजारच्या चर्चमध्ये केक बरा मिळतो. बाबांनी फोनवर नकाशा बघितला होता. त्यांचं बोट दुसरीकडेच होतं. "हे डेल्सफर्ड म्हणजे तेच का? हेस्टिंग्जचं?"

तेच. बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. मॉर्टनहून आठेक किलोमीटर. घराण्याची हातची गेलेली जहागीर परत मिळवायची ही त्याची लहानपणापासूनची आस. १७८८ मध्ये त्याने ती विकत घेतली आणि त्याच साली पार्लमेंटने त्याच्यावर खटला उभा केला. सात वर्षं खटला चालला, १७९५ मध्ये निर्दोष सुटला, आणि या सगळ्यात घरही बांधून झालं. घर बांधणारा? पुन्हा तोच सॅम्युएल पेपिस कॉकरेल. घर आजही खासगी आहे, आत जाता येत नाही. जवळच इस्टेटीवरचं सेंद्रिय मालाचं दुकान आहे. बाबांनी तिथे आंब्याच्या चटणीची बाटली उचलली, मागची किंमत वाचली आणि दोन्ही हातांनी जपून जागेवर ठेवली.

चर्च मात्र छोटं आणि शांत. मागच्या अंगाला, गवतात, एका चौथऱ्यावर दगडी कलश. खाली नाव आणि साल, एवढंच. गव्हर्नर जनरल नाही, बंगाल नाही, खटला नाही. वॉरन हेस्टिंग्ज, १८१८.

बाबा वाकून बघत होते. मग रुमाल काढून आकड्यांवर टेकवला, पुसायला नव्हे, नुसताच. "अठराशे अठरा," म्हणाले. हा ऑगस्टमध्ये गेला. त्याआधी दोन-अडीच महिने, जूनच्या सुरुवातीला, दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांच्या माल्कमच्या हवाली झाला होता. ही बातमी इथवर पोचायला जहाजाला लागणारे महिने मोजले तर ती याच्या कानावर गेलीच नसणार. बाबांनी बोटांवर महिने मोजले, दोनदा.

"मराठ्यांशी इंग्रजांचा पुरंदरचा तह याच्याच वेळचा. वडगावचा तह मानायला तयार नव्हता, तोही हाच. आणि सालबाई. मे १७८२ ला तह ठरला, याने जूनमध्ये मंजुरी देऊन टाकली. आणि नानांनी?" माझ्याकडे बघून थांबले. मी शाळेत हे नक्की शिकले होते.

"फेब्रुवारी," बाबाच म्हणाले. "पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी. म्हैसूरचा हैदर अली गेला, मगच. तोपर्यंत कागद तसाच ठेवला."

मग मला म्हणाले, फोटो काढ, पण मी नको त्यात, नुसता दगड. गाडीत बसेपर्यंत तो वाईच्या मित्रांच्या ग्रुपवर गेलाही होता. पहिलं उत्तर मॉर्टनच्या चौकातल्या सिग्नलला आलं. "भाजीचा भाव काय तिकडे?"