आठ नंबर, अकरा नंबर

काचेच्या मण्यांच्या नंबरांचा हिशेब उलटा असतो. पंधरा नंबरचा मणी अगदी बारीक, जेमतेम दीड मिलिमीटरचा. अकरा नंबर दोनच्या आसपास, आठ नंबर तीन, आणि सहा नंबर चांगला चार मिलिमीटरचा ठसठशीत. नवख्या माणसाला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शेजारच्या अक्कांना एकदाच सांगितलं. "म्हणजे सुतासारखंच की," म्हणाल्या आणि विषय संपला. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही सोलापूरच्या पूर्व भागातलं, यंत्रमागाच्या खडखडाटातलं. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा काउंट, म्हणून वीसपेक्षा चाळीसचं सूत बारीक. आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. निदान असायचं.

सध्या माझ्या हातात पिळाचा गोफ आहे, म्हणजे सुई-दोऱ्याने विणलेली, पीळ पडलेली मण्यांची माळ. गाभ्याला अकरा नंबरचे चार मणी, गडद रंगाचे. बाहेरच्या फासाला तीन: अकरा, आठ, अकरा. सातही ओवायचे आणि गाभ्याच्या चौघांतून सुई पुन्हा खालून वर काढायची. फास डावीकडे सारायचा. मग एक गाभ्याचा आणि तीन फासाचे उचलायचे. गाभ्यातला सगळ्यात खालचा मणी सोडून वरच्या तिघांतून सुई न्यायची. दोरा ओढला की नवा मणी त्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो, त्यातूनही सुई काढायची, आणि नवा फास आधीच्या फासाला चिकटवून डावीकडेच ठेवायचा. बस्स. गोफ संपेपर्यंत एवढंच.

पहिले काही फास अगदी गबाळे दिसतात. मण्यांचा गुंता झालाय आणि आता सोडवत बसावं लागणार, असंच वाटतं. मग एका फासापाशी, कुठल्या ते नेमकं सांगता येत नाही, कड वळायला लागते. पीळ मी घातलेला नसतो. मी फक्त फास एकाच बाजूला सारत असते. गाभा दर टाक्याला एकाच मण्याने वाढतो, बाहेरून मात्र तीन मणी येतात. त्यांना सरळ रेषेत जागा कुठून मिळणार? ते तिरके होतात, शेजारच्याला रेटतात, आणि रेटारेटीत सगळी रांग गाभ्याभोवती फिरू लागते. सगळे मणी एकाच मापाचे घेतले तरी पीळ पडतो, पण तो लांबून उमगत नाही. मधला आठ नंबर आला की कड उठते, बोटाला लागते. फासात मणी कमी पडले तर गोफ आखडतो, फार झाले तर मधून दोरा दिसतो. यातला बेत कागदावर जमत नाही, बोटभर करून बघावाच लागतो.

आपल्याकडे मण्यांची मापं शेतातूनच आली आहेत. जोंधळी पोत, बोरमाळ. सोलापूर जिल्हा ज्वारीचा, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं नाव तर सगळीकडे. तेव्हा जोंधळ्याएवढा मणी म्हटलं की इथे कुणाला मोजपट्टी लागत नाही. जुन्या माळेत लहान-मोठं असलं तरी ते ओळीने असतं: मानेमागे बारीक, पुढे पदकाकडे येईल तसं मोठं. माळा ओवणाऱ्या पाटवेकऱ्याच्या हाताला ती चढण बरोबर साधते. पिळात मोठा मणी मानेमागेही येतो आणि पुढेही. मला विचाराल तर पदक अडकवलेला पिळाचा गोफ बघवत नाही. पदक लटकवायचं तर साधा सर काय वाईट आहे?

बाजारातल्या स्वस्त पुडीत अकरा नंबरच्या नावाखाली काहीही निघतं. चपटे, लांबुडके, एकमेकांना चिकटलेले. फासाच्या मधोमध एखादा जाडा मणी खपून जातो, गाभ्यात मात्र अजिबात नाही. तिथे एकेका मण्यातून दोरा चार-पाचदा जातो. भोक अरुंद असेल तर शेवटच्या खेपेला सुई अडते, आणि हट्टाने ओढली की मणी कचकन फुटतो. काचेची धार, जाता जाता दोराही कापते. म्हणून गाभ्याचे मणी आधी निवडून घ्यावेत, तांदूळ निवडतात तसे. पसरायला टॉवेल नको, त्याच्या फाशांत सुईचं टोक अडकतं. चादर बरी. मणी घरंगळत नाहीत. फक्त चादरीवरच्या मोरावर निळे मणी ओतू नयेत, नंतर सापडत नाहीत.

या पिळाचा एक थोरला भाऊ आहे, चेलिनी. सोळाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या बेनवेनुतो चेलिनी या सोनाराचं, शिल्पकाराचं नाव त्याला दिलंय. त्या बिचाऱ्याने हा टाका कधी घातला नाही, नाव अलीकडच्या मणीकाम करणाऱ्यांनी दिलेलं. हा पोकळ नळीसारखा विणायचा. गोलात पंधरापासून सहापर्यंतचे मणी चढत्या-उतरत्या क्रमाने येतात आणि फुगीर लाट नळीभोवती चढत जाते. ऐकायला भयंकर, पण नियम एकच: सुई ज्या मण्यातून बाहेर पडली, तसलाच मणी उचलायचा. मोजायचं नाही, आलेख बघायचा नाही.

हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या जरा थबकल्या. त्यांच्या यजमानांच्या मागावर जॅकार्ड होतं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं वर साखळीसारखी फिरायची आणि कुठले उभे धागे उचलायचे ते एकेका ओळीला सांगायची. एक कार्ड इकडचं तिकडे झालं की चादरीवरच्या मोराची मान तुटायची. "आणि तुझ्यात कार्डच नाही?" त्यांनी विचारलं. म्हटलं, आधीचा मणीच पुढच्याचं कार्ड. "मग चुकलं तर कळतं कसं?" चांगला प्रश्न. चुकलेला मणी पुढच्या प्रत्येक गोलात आपल्यासारखाच दुसरा मागतो. एक चूक वर वर चढत जाते, आणि चार गोलांनी नजरेत येते.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, प्लास्टिकच्या माळांचे ढीग असतात. त्यांच्याशी दरात कोण भांडणार! हा गोफ विकायचा तर मण्यांचे पैसे निघतील, संध्याकाळींचे निघायचे नाहीत. त्यामुळे तो भाच्यांना, मैत्रिणींना जातो.

आता अक्कांच्या नातीसाठी कानातले चाललेत. फास एका कानात डावीकडे सारायचे, दुसऱ्यात उजवीकडे, म्हणजे दोन्ही पीळ समोरासमोर येतात. अक्कांना हे फार पटलं. सुताचे दोन पदर एकत्र करताना पदराच्या पिळाच्या उलटा पीळ देतात, नाहीतर दोरा गुंडाळत राहतो, असं त्यांनी बोटांनी करूनही दाखवलं. नात म्हणते, दोन्ही सारखेच हवेत. सारखे म्हणजे कसे, यावर आजी-नातीचं तेलुगूत जोरात चाललंय, आणि मी तोवर डावा कान पुरा करून घेतेय.