जुन्या डीटीपी मशीनला एसएसडी बसवताना

आमचं डीटीपीचं काम पुण्यात नारायण पेठेत चालतं. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल. दोन मशीन आहेत. त्यातल्या जुन्याला एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माल साठवणारी डिस्क, बसवली त्याबद्दल लिहिते आहे. चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि ५०० जीबीची, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. आलं तेव्हा विंडोज ७ होतं, पुढे त्याच्यावरच विंडोज १० चढवलं. पानं लावायचं पेजमेकर ७, चित्रांसाठी कोरल ड्रॉ आणि डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) लावून चालणारी मराठी फॉन्टची श्रीलिपी, एवढ्यासाठी ते ठेवलेलं आहे.

नवी पुस्तकं मी इनडिझाइनमध्ये, युनिकोड फॉन्टमध्येच करते. पण प्रकाशक पुनर्मुद्रणाला येतात तेव्हा पंधरा-वीस वर्षांपूर्वीची पेजमेकरची फाइल उघडावी लागते. तो मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये लावला तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची नुसती सरमिसळ दिसते. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, मीही वापरते. पण रफार, रुकार, जोडाक्षरं यांत कुठे काय निसटलंय ते डोळ्यांनीच शोधायचं. म्हणजे तीनशे पानांचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, आणि लेखक हयात नसेल तर शंका विचारायची कोणाला? त्यापेक्षा मूळ फॉन्ट, मूळ स्टाइलशीट आणि मूळ मशीन जपणं मला महत्त्वाचं वाटतं. ते माझं काम आहे असंच मी मानते.

गेल्या हंगामात मात्र या मशीनने दम काढला. सुरू केल्यावर बराच वेळ माउस नुसता फिरत राहायचा. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर मात्र जवळजवळ मोकळा. कोरल उघडायला तर फारच वेळ, कारण आमच्याकडे फॉन्टची संख्या मोठी आणि सुरू होताना त्या सगळ्यांची दखल घ्यावी लागते. अक्षरजुळणी करणाऱ्या काकू सकाळी आल्या की मशीन लावायच्या आणि तोवर हाताने प्रुफावरच्या दुरुस्त्या तपासत बसायच्या.

हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, यात आता जीव नाही. नवीन घ्या, नाहीतर एसएसडी टाकून फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." मी म्हटलं, "दादा, एसएसडी घेते, पण फॉरमॅट नको. आहे तसंच्या तसं नव्या डिस्कवर यायला हवं." क्लोनचं, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढायचं, काम ते करत नव्हते. मग मीच करायचं ठरवलं.

हार्ड डिस्क इतकी का अडते, हे आधी समजून घेतलं, आणि त्यामुळे काय विकत घ्यायचं तेही ठरलं. ७२०० आरपीएम म्हणजे तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चारेक मिलिसेकंद, आणि त्याआधी हेडला योग्य रांगेवर सरकायला आणखी नऊच्या आसपास. एका ठिकाणचं वाचायला तेराएक मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला पाऊणशे-शंभर ठिकाणं वाचून होतात. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी सहज देते. पण विंडोज सुरू होणं, शेकडो फॉन्ट चाळणं हे सगळं विखुरलेलं, बारीक बारीक वाचन. छपाईचे खिळे जुळवणारा कंपोझिटर खिळ्यांच्या पेटीतल्या प्रत्येक घरात हात घालून एकेक खिळा उचलायचा, तसं. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. प्रोसेसर मोकळा आणि डिस्क भरलेली दिसत होती याचं कारण इथे आहे, आणि रॅम वाढवून ते गेलं नसतं.

खरेदीत पहिला प्रश्न प्रकाराचा. एम.२ची एनव्हीएमई पट्टी, म्हणजे थेट बोर्डात बसणारी वेगवान एसएसडी, सगळे सुचवतात, पण आमच्या बोर्डावर ती खाच नाही. कार्ड लावून बसवता येते, पण त्या काळातल्या बहुतेक बायोसना (बोर्डावरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) तिच्यावरून मशीन सुरू करता येत नाही. म्हणून हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची साधी अडीच इंची साटा एसएसडी. साटाची मर्यादा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास आहे, आणि आमचा त्रास बारीक वाचनाचा असल्यामुळे तेवढं पुरेसं होतं.

दुसरा प्रश्न क्षमतेचा. दुकानांत ४८० जीबीची आणि ५०० जीबीची, दोन्ही मिळतात, किंमतही जवळपास. इथे मी ५००चाच आग्रह धरला. ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ५०० जीबीची एसएसडी यांची सेक्टरसंख्या, म्हणजे डिस्कवरच्या लहान लहान कप्प्यांची संख्या, सहसा तंतोतंत सारखी असते: ९७,६७,७३,१६८. डिस्क जशीच्या तशी उतरते. ४८०ची घेतली तर आधी जुन्या डिस्कवरचं पार्टिशन आखडावं लागतं, आणि जिची तब्येत आधीच बिघडली आहे अशा डिस्कवर तो खटाटोप मला नको होता.

लिहून लिहून एसएसडी झिजते, अशी काकूंना भीती होती. सॅमसंगची ८७० इव्हो ५०० जीबीत घेतली तर कंपनी पाच वर्षं किंवा ३०० टीबी लेखन, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देते. रोज वीस जीबी लिहिलं तरी वर्षाला साडेसात टीबीही होत नाही, म्हणजे ३०० टीबीला चाळीसएक वर्षं. आमच्या पेजमेकरच्या फाइली तर काही एमबीच्या.

तपकीर गल्लीतून एसएसडी आणली, सोबत साडेतीन इंची खणात बसवायची पट्टी आणि नवी साटा केबल. आणि मग लगेच क्लोन न करता क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून जुन्या डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, पाहिलं. हे आधी पाहायलाच हवं, असं मी प्रत्येकाला सांगेन. सगळं ठीक असल्याच्या निळ्याऐवजी धोक्याचा पिवळा चौकोन आला. सी५ ही ओळ, म्हणजे वाचता न आल्यामुळे 'बघू' म्हणून ठेवलेले सेक्टर, शून्य असायला हवी ती नव्हती. डिस्क नुसती मंद नव्हती, ती जायला लागली होती. मशीन मधूनच गोठायचं त्याचंही हेच कारण असणार, कारण न वाचता येणारा सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते.

त्यामुळे क्रम बदलला. अशा डिस्कवर आधी चुका शोधणारी चेक डिस्क चालवायची नाही, फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणारं डीफ्रॅग तर मुळीच नाही, कारण दोन्हींत डिस्कला फार राबावं लागतं. आधी कामाचा माल बाहेर काढायचा. सगळी पुस्तकं, टेम्प्लेट, फॉन्टचे फोल्डर, कीबोर्डच्या सेटिंग फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. एका मुखपृष्ठाच्या टिफ फाइलवर कॉपी अडकली आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'चा, म्हणजे माल नीट वाचता येत नसल्याचा, संदेश आला. काम छापून झालं की सीडी लिहून ठेवायची आमची जुनी पद्धत आहे. तीच फाइल सीडीवर सुखरूप मिळाली. त्या सीड्या आता नव्या डिस्कवरही उतरवते आहे, कारण सीडीही कायमची नसते.

क्लोनसाठी क्लोनझिला वापरलं. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमध्ये तयार झालेलं हे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून बूट होतं, त्यामुळे विंडोज चालू नसतानाच डिस्क उतरते. दिसायला निळा पडदा, बाणांनी वर-खाली करायचं. सगळ्यात जपून करायची निवड म्हणजे मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती. दोन्ही ५०० जीबीच्या असल्यामुळे आकारावरून ओळखता येत नाहीत. कंपनीचं नाव आणि मॉडेल क्रमांक आधी कागदावर उतरवून घेतला होता आणि एंटर दाबण्यापूर्वी काकूंना मोठ्याने वाचायला लावला. खराब सेक्टर आला की क्लोनझिला सहसा थांबतं. तज्ज्ञांसाठीच्या मेनूत 'रेस्क्यू' हा पर्याय आहे, तो निवडला की ते तेवढं सोडून पुढे जातं. सोडलेल्या जागी जी फाइल असेल ती बिघडलेलीच उतरते, म्हणून आधीचा बॅकअप लागतो.

क्लोन झाल्यावर मशीन बंद केलं, वायर भिंतीतून काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि जुनी डिस्क पूर्ण सोडवून बाजूला ठेवली. क्लोननंतर दोन्ही डिस्कची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो डिस्कवर लिहिलेला क्रमांक, एकच असते. एकत्र लावून सुरू केलं तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं आणि पुढे घोळ होतो. एच८१ बोर्डावर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच सहा गिगाबिटचे, बाकीचे तीनचे. बोर्डावर पोर्टशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आमची जुनी डिस्क तीनवाल्यावर होती. एसएसडी सहावाल्यावर लावली. ब्लोअरने वर्षांची धूळही काढली.

मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. श्रीलिपीने डोंगल ओळखलं, कीबोर्ड आमच्या सवयीचाच होता, पेजमेकरने 'फॉन्ट सापडत नाही'ची खिडकी दाखवली नाही. सगळ्यात अवघड असा एक कवितासंग्रह उघडला. त्यात विरामचिन्हांची जागासुद्धा कवीने ठरवून घेतली होती. जुन्या छापील प्रतीशी पान पानाला लावून पाहिलं, ओळी जिथल्या तिथे होत्या. तेव्हा मला खरंच भरून आलं. तुमचं सॉफ्टवेअर डोंगलऐवजी हार्ड डिस्कच्या क्रमांकाला बांधलेलं असेल, तर क्लोन करण्यापूर्वी विक्रेत्याशी बोलून घ्या, कारण डिस्कचा कारखान्यातला स्वतःचा क्रमांक क्लोनमध्ये येत नाही.

एक काम राहिलं होतं. विंडोज ७ घालताना कोणीतरी बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, ठेवला होता. एएचसीआय हा नवा मोड असेल तर डिस्क एकाच वेळी ३२ हुकूम रांगेत घेऊ शकते, आणि एसएसडीचा खरा वेग तिथे दिसतो. पण नुसता मोड बदलला तर विंडोज 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळा पडदा टाकतं. उपाय सोपा आहे. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन सेफ बूटची खूण करायची, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय निवडायचं, मशीन सेफ मोडमध्ये वर येताना योग्य ड्रायव्हर स्वतःच घेतं, मग खूण काढून पुन्हा सुरू करायचं. हे मी मुद्दाम क्लोननंतर नव्या डिस्कवर केलं. काही अडलं असतं तर जुनी डिस्क तशीच होती.

मग सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पार्टिशनची सुरुवात पाहिली: १०,४८,५७६ बाइट, म्हणजे बरोबर एक एमबीवर. एक्सपीच्या काळात पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. तसं क्लोन होऊन आलं तर एसएसडीला प्रत्येक लेखनात जास्तीचं काम पडतं, म्हणून फार जुन्या मशीनवाल्यांनी हे पाहावं. विंडोजच्या फाइली शाबूत आहेत का ते बघणारा सिस्टिम फाइल चेकर चालवला. जुनं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. एसएसडीला डीफ्रॅग लागत नाही, विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ' तिला मुख्यतः ट्रिम पाठवतं, म्हणजे कोणत्या जागा आता रिकाम्या आहेत ते कळवतं. ते चालू ठेवलं.

फरक किती पडला? मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतं. कोरल पटकन उघडतं. पेजमेकरमध्ये फोटोंनी भरलेला अंक उघडला की लिंक शोधत बसणं गेलं. पण डिस्टिलरमधून पीडीएफ काढायला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच आहे, कारण ते काम प्रोसेसरचं. कोरलमधली सावली, पारदर्शकता वगैरेही तशीच. एसएसडीने सगळंच दसपट होतं, अशा आशेने कोणी पैसे घालू नयेत. वाट पाहणं संपतं. हंगामात आमच्यासाठी तेच मोठं होतं. काकू आता मशीन लावून लगेच कामाला बसतात.

एवढ्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून हे मशीन मी इंटरनेटवरून कायमचं काढलं. मेल, लेखकांशी देवाणघेवाण, प्रेसला फाइल पाठवणं दुसऱ्या मशीनवरून होतं. मध्ये एकच पेन ड्राइव्ह, तोही आधी तिकडे स्कॅन करून मग इकडे लावायचा.

बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्कच ठेवली आहे, एसएसडी नाही. वीज न देता कपाटात ठेवलेल्या एसएसडीतला माल वर्षानुवर्षं टिकेल याची हमी नसते. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक सांगतं की लेखनमर्यादा पूर्ण झालेल्या घरगुती वापराच्या ड्राइव्हने ३० अंश तापमानाला एक वर्ष डेटा धरून ठेवावा. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त धरते, पण पुनर्मुद्रण दहा वर्षांनी आलं तर त्या भरवशावर मी राहणार नाही. दर शनिवारी काम संपताना त्या डिस्कवर प्रत जाते, आणि दुसरी प्रत घरी असते. आता दुसऱ्या मशीनचंही स्मार्ट पाहिलं. ते अजून निळं आहे, पण त्याची डिस्कही चांगलीच जुनी झाली आहे, आणि दिवाळी अंकांची कामं यायच्या आधीच तिथेही एसएसडी बसवून टाकणार आहे.