गुरूंशिवाय नाटक

नांदेडच्या आमच्या शाळेतलं स्नेहसंमेलन फारसं आठवत नाही, पण मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचा कार्यक्रम पक्का लक्षात आहे. शिखांचे नववे गुरू तेगबहादुर यांचा शहीदी दिवस. घरी खंडोबाचे घट बसलेले, दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठीचं भरीत-रोडगे, आणि मधेच शाळेत लंगर. त्या डाळीत कांदा असतो का, असं आजी दरवर्षी विचारायची. आम्ही हमखास न ऐकल्यासारखं करायचो.

सकाळी शीख मुलं कीर्तन करायची. जैजैवंती राग ऐकला की अजूनही ती सतरंजी आठवते. गुरू ग्रंथसाहिबात या रागातली पदं फक्त नवव्या गुरूंचीच आहेत, हे संगीताच्या बाईंनी सांगितलेलं.

मग नाटक. गुरूंचं सोंग कुणी घ्यायचं नाही, ही शिखांची मर्यादा. त्यामुळे नायकच रंगमंचावर नाही! काश्मिरी पंडित पंडित किरपा राम यांच्यासोबत आनंदपूरला येत, ते रिकाम्या चौरंगाकडे बघून गाऱ्हाणं मांडत. औरंगजेबाच्या राज्यात सक्तीच्या धर्मांतराची टांगती तलवार होती. ज्या घराण्याच्या पहिल्या गुरूंनी जानवं नाकारलं, त्याच गादीवरचा माणूस दुसऱ्यांच्या जानव्यासाठी १६७५ मध्ये दिल्लीला जीव द्यायला निघाला, हे सांगताना इतिहासाच्या सरांचा आवाज चढायचा. गुरूंसोबतच्या भाई मतीदास, सतीदास आणि दयालांचे हाल मात्र ते दोन वाक्यांत उरकत. समोर पहिलीची पोरं बसलेली असत.

खरी गर्दी व्हायची शेवटच्या प्रवेशाला. चांदणी चौकात गुरूंचा शिरच्छेद झाल्यावर भाई जैता शीर घेऊन आनंदपूरकडे निघतात, आणि लखीशाह वणजारा धड गाडीत घालून घरी नेतात. उघड अंत्यसंस्कार करता येत नाहीत, म्हणून ते आपलं घरच पेटवतात. आज तिथे रकाबगंज गुरुद्वारा आहे. लखीशाहांचं काम नेहमी तांड्यावरच्याच मुलाला मिळायचं, त्यात वशिला चालत नसे. त्याचे आईबाप, काका, मावश्या सगळे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायचे. गाडीत सरकीसकट खरा कापूस भरलेला असे. घर म्हणजे लाल जिलेटिनचा कागद आणि मागे पिवळा बल्ब. पण तो लागला की मागच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत.

पुढची गोष्ट सरांना सांगावी लागत नसे. त्या वेळी नऊ वर्षांचा असलेला गुरूंचा मुलगा म्हणजे गुरू गोविंदसिंगजी, आणि ते १७०८ मध्ये आमच्याच गोदाकाठी आले, हे हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या गल्लीबोळांत वाढलेल्या पोरांना कोण शिकवणार?

नंतर मैदानावर पंगत बसायची. वाढायला दहावीची मुलं, डोक्याला रुमाल बांधून. लखीशाह मेकअप न पुसता डाळीची बादली घेऊन फिरायचा, आणि त्याच्या मावश्या त्याला हाक मारून मारून चारदा डाळ घ्यायच्या.