लावलेलं आणि रुजलेलं

पावसाळा सरल्यावर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या एका जुन्या डंपवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगावर, आम्ही झाडांच्या मोजणीला गेलो. हातात आधीच्या पाहणीची एक्सेल फाइल होती. किंजळ, शिवण, कुंभा, करवंद अशी भरगच्च यादी पाहून डंप सावरलाय असंच वाटावं.

मोजणीसाठी जमिनीवर आखायच्या चौकटी नेहमीच्याच: झाडांना १० × १० मीटर, झुडपांना ५ × ५, गवत-रोपट्यांना १ × १. पहिल्याच चौकटीत शिवणीच्या बुंध्याशी खुरप्याने उकरलं, तर नर्सरीच्या काळ्या पिशवीची कड वर आली. पिशवी न फाडताच रोप खड्ड्यात बसवलेलं, मुळं आतल्या आत गोल फिरलेली. असं झाड पुढे वाऱ्यापावसात कलंडतं. किंजळीही सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. लावणं गैर नाही, लावायलाच हवं. पण जमीन खरोखर सुधारतेय की नाही ते आपणहून रुजलेल्या रोपावरून कळतं आणि फाइलमध्ये त्याला रकानाच नव्हता.

अशी रोपं मग मुद्दाम शोधली. ऑस्ट्रेलियन अकेशियाखाली जवळपास काहीच नाही; वाळक्या पानांचा थर इतका जाड की बी मातीला टेकतच नाही. उतारावर जिथे काथ्याची जाळी टिकून गाळ अडला होता, तिथे मात्र चांदाडा आणि दिंड्याची बोटभर रोपं होती. खाण उघडताना वरची १५-२० सेंटिमीटर माती वेगळी काढून लगेच दुसरीकडे पसरली, तर तिच्यातलं बी कामी येतं. उंच ढिगात वर्षानुवर्षं पडलेल्या मातीतलं बी मरतं, मुळांना साथ देणारी बुरशीही जाते.

करवंद कुठेच सापडलं नाही. जुन्या नोंदीत अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोनच स्थळांपर्यंत होते, म्हणजे साधारण एक किलोमीटरचा घोळ. डंपची रुंदी त्याहून कितीतरी कमी. ते करवंद डंपवरचं की पलीकडच्या रानातलं, हे आता ठरवता येणार नाही.

नवा तक्ता तिथेच आखला: पाच दशांश स्थळं, जीपीएसची चूक मीटरमध्ये, 'लावलेलं की रुजलेलं', आणि रिकाम्या चौकटीलाही शून्याची ओळ. जूनच्या आत शेजारच्या घळीत जाळी अंथरायची आणि अकेशिया विरळ करायचा, एवढं खाणीच्या माणसांशी बोलून ठरवलं.