जुना प्लेस्टेशन ३, कॉम्प्युटरमधले व्हिडिओ आणि मधली वायर

प्लेस्टेशन ३ला पेन ड्राइव्ह लावून व्हिडिओ बघणारा कधी ना कधी ४ जीबीपाशी अडतोच. हा कन्सोल फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्हच वाचतो आणि फॅट३२मध्ये एकच फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. माझ्याकडचे बरेच व्हिडिओ त्याहून मोठे होते. जुन्या मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेलं घरचं चित्रण तर तासाला साधारण १३ जीबी जागा खातं. फाइल कापून तिचे तुकडे करणं मला अजिबात मान्य नव्हतं. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टीव्ही बाहेर, आणि बाबांना हे सगळं मोठ्या पडद्यावर, शांतपणे खुर्चीत बसून बघायचं होतं. मग नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचे असं ठरलं.

यासाठी वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही, ही यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. घरच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याची डीएलएनए ही व्यवस्था कन्सोलमध्ये आधीपासूनच आहे. ती ठरवणारी कंपन्यांची संघटना २००३ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंदही झाली, पण तिने घालून दिलेले नियम आजही टीव्ही, कन्सोल आणि कॉम्प्युटर पाळतात. कॉम्प्युटरवर एक सर्व्हर प्रोग्रॅम चालू ठेवायचा. तो ‘माझ्याकडे हे व्हिडिओ आहेत’ अशी घोषणा घरच्या नेटवर्कवर करत राहतो आणि कन्सोल ती ऐकून आपल्या मेनूत त्याचं नाव दाखवतो.

सर्व्हर म्हणून मी युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर निवडला. पीएस३ मीडिया सर्व्हर या याच कन्सोलसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून तो पुढे आला. तो मोफत आहे, आणि कोणत्या यंत्राला काय चालतं याची वेगवेगळी नोंद त्याच्याकडे तयार असते. समोर प्लेस्टेशन ३ आहे हे ओळखून तो त्याप्रमाणे फाइल देतो. विंडोजमध्ये मुळातच असलेली सोयही साध्या फाइलींना पुरते, पण माझ्या फाइली साध्या नव्हत्या.

कन्सोलवर सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क सेटिंग्जमधलं ‘मीडिया सर्व्हर कनेक्शन’ चालू केलं, व्हिडिओच्या रांगेत ‘सर्च फॉर मीडिया सर्व्हर्स’ दाबलं. काहीच सापडलं नाही. इथे बरेच लोक वैतागून नाद सोडतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट फायरवॉल. विंडोज घरच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ समजत असेल तर बाहेरून आलेली विचारणा तो अडवतो. ते ‘प्रायव्हेट’ करायचं आणि सर्व्हरला परवानगी द्यायची. दुसरी गोष्ट, दोन्ही यंत्रं खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत ना हे पाहायचं. कन्सोल राउटरच्या गेस्ट वायफायवर असेल किंवा घरात एकामागे एक असे दोन राउटर असतील तर इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालतं, पण यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. सर्व्हरची घोषणा २३९.२५५.२५५.२५० या ठरावीक पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर जाते, आणि ती सहसा राउटर ओलांडून पलीकडे जात नाही.

माझ्याकडे हे दोन्ही ठीक होतं. मग मी फोनवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडून स्थानिक नेटवर्कमध्ये सर्व्हर दिसतो का ते पाहिलं. ही परीक्षा फार उपयोगाची आहे. फोनला दिसला आणि कन्सोलला नाही, तर दोष कन्सोलच्या बाजूला. फोनलाही दिसत नसेल तर कॉम्प्युटरकडेच बघायचं. माझ्या फोनलाही दिसला नाही. सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याने केलेल्या कामाची नोंद, वाचल्यावर कारण सापडलं. कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनसाठी एक प्रोग्रॅम टाकलेला होता, त्याने स्वतःचं एक काल्पनिक नेटवर्क कार्ड तयार केलं होतं, आणि सर्व्हर आपली घोषणा त्या कार्डावर करत होता. लॉगमधला पत्ता १९२.१६८.५६ने सुरू होत होता आणि कन्सोलचा पत्ता १९२.१६८.१ने. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये खरं नेटवर्क कार्ड निवडलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि कन्सोलच्या मेनूत त्याचं नाव आलं. राउटरमध्ये कॉम्प्युटरला कायमचा एकच पत्ता नेमून दिला, त्यामुळे तो बदलत नाही.

आता खरा विषय. फाइलीची यादी दिसणं वेगळं आणि फाइल चालणं वेगळं.

व्हिडिओ फाइल म्हणजे एक डबा असतो. एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय ही डब्यांची नावं. आत काय भरलंय ते वेगळं असतं: चित्र एच.२६४ मध्ये, आवाज एएसीमध्ये, असं काहीतरी. ही माल दाबून बसवण्याच्या पद्धतींची नावं. प्लेस्टेशन ३ला एमकेव्ही हा डबा उघडता येत नाही. पण आतलं एच.२६४ चित्र त्याला उत्तम येतं, कारण तो मुळात ब्ल्यू-रे प्लेअर आहे आणि ब्ल्यू-रेवर तेच असतं. हे ध्यानात आलं की निम्मा प्रश्न सुटतो. चित्राला हात लावायचा नाही, ते जसंच्या तसं उचलून दुसऱ्या डब्यात ठेवायचं. याला रीमक्स म्हणतात. यात चित्राच्या दर्जात कणभरही फरक पडत नाही आणि प्रोसेसरला फारसं काम नसतं, कारण ही जवळजवळ नुसती कॉपी असते. सर्व्हरमध्ये टीएसमक्सर नावाचं अवजार यासाठीच आहे. ते व्हिडिओ चालू असतानाच एमकेव्हीमधला माल ट्रान्सपोर्ट स्ट्रीम या डब्यात भरून कन्सोलला देतं.

याउलट ट्रान्सकोडिंग म्हणजे चित्र उलगडून पुन्हा नव्याने गुंडाळणं. त्यात दर्जा थोडा तरी जातो, प्रोसेसर तापतो, आणि फाइल जागच्या जागी तयार होत असल्याने पुढे-मागे जाणं अडखळतं. फाइल चालत नाही म्हटलं की लोक लगेच ‘सगळं ट्रान्सकोड करा’ असा सल्ला देतात. मला तो मनापासून पटत नाही. फाइलला नेमकं काय सलतंय ते आधी पाहावं. मीडियाइन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम फाइलचा सगळा तपशील सांगतो: डबा कोणता, चित्र कोणतं, लेव्हल किती, आवाज कोणता. तो उघडल्याशिवाय मी आता एकाही फाइलबद्दल अंदाज बांधत नाही.

माझ्या काही फाइलींत आवाज डीटीएस या पद्धतीत होता. नेटवर्कवरून येणाऱ्या फाइलींसाठी कन्सोलच्या यादीत डीटीएस नाही. तिथे फक्त आवाज कन्सोलला चालणाऱ्या एसी-३मध्ये बदलून घेतला, चित्र तसंच ठेवलं. आवाज बदलायला प्रोसेसरला कष्ट पडत नाहीत.

एका प्रकारच्या फाइलींनी मात्र मला बराच काळ चकवलं. डबा बरोबर, चित्र एच.२६४, आवाज बरोबर, तरी पडद्यावर चौकडे पसरायचे. याचं उत्तर लेव्हलमध्ये, म्हणजे चित्र उलगडायला यंत्राची किती ताकद लागेल ते सांगणाऱ्या पायरीत होतं. हा कन्सोल एच.२६४ची लेव्हल ४.१पर्यंत मानतो. या लेव्हलला जुन्या फ्रेम लक्षात ठेवायला ठरावीक जागा असते. १०८० ओळींच्या पूर्ण एचडी चित्राच्या अशा ४ फ्रेम तिथे मावतात, ७२० ओळींच्या ९. फाइल लहान व्हावी म्हणून काही जण एच.२६४ चित्र बनवणारा एक्स२६४ हा प्रोग्रॅम अगदी संथ प्रीसेटवर (तयार सेटिंगवर) चालवतात. त्यात १६ संदर्भ-फ्रेम, म्हणजे लक्षात ठेवायच्या जुन्या फ्रेम, वापरल्या जातात. कॉम्प्युटर अशी फाइल निमूट चालवतो, कन्सोल चालवू शकत नाही. इथे रीमक्सचा उपयोग नाही, कारण अडचण डब्यात नसून चित्रातच आहे. अशा फाइली मी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमने एकदाच नीट नव्याने बनवून ठेवल्या, लेव्हल ४.१ आणि संदर्भ-फ्रेम ४ असं स्पष्ट सांगून. दर वेळी चालू असताना बदलण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. कॉम्प्युटर रात्रभर सावकाश काम करतो आणि चित्रही सुबक येतं.

कॅसेटवरच्या चित्रणाची तऱ्हा आणखी निराळी. डीव्ही हा प्रकार कन्सोलला येतच नाही. हे चित्र ७२० बाय ५७६चं आणि इंटरलेस्ड असतं, म्हणजे एक सोडून एक ओळींचं. ते एच.२६४मध्ये नेताना ओळी एकत्र करताना हालचालीला करवतीसारख्या कडा येण्याचा धोका होता. मी ते एमपेग-२मध्ये नेलं, इंटरलेस्डच ठेवलं, आणि बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) डीव्हीडीच्या वरच्या मर्यादेजवळ ठेवला. डीव्हीडीवर नेमकं असंच चित्र असतं आणि हा कन्सोल डीव्हीडी प्लेअरही आहेच, त्यामुळे ओळी जुळवण्याचं काम तो आणि टीव्ही निगुतीने करतात. मूळ डीव्ही फाइली मात्र वेगळ्या डिस्कवर जपून ठेवल्या आहेत. त्या कोणीही पुसू नयेत.

वायफायबद्दल थोडक्यात. या कन्सोलमधलं वायफाय ८०२.११जी प्रकारचं आहे. कागदावर ५४ मेगाबिट, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतं. ब्ल्यू-रेच्या दर्जाचं चित्र ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं. कॉम्प्युटरही वायफायवर असेल तर तीच हवा दोनदा वापरली जाते. मी दोन्हीकडे इथरनेट केबल टाकली आणि अडखळणं त्याच दिवशी थांबलं. कन्सोलचं पोर्ट गिगाबिटचं आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर वाढवत बसण्याआधी केबल लावून बघा.

सबटायटलसाठी मी हा सगळा उद्योग केला, असं म्हटलं तरी चालेल. बाबांना कमी ऐकू येतं. कॅसेटवरचा आवाज आधीच पुसट, त्यात मागे माणसांचा गलबला. म्हणून मी त्या चित्रणाला मराठी सबटायटल लिहिले, कोण काय बोलतंय ते ओळीओळीने. या कन्सोलला वेगळी सबटायटल फाइल नेटवर्कवरून दाखवता येत नाही. ती अक्षरं चित्रावरच उमटवावी लागतात, म्हणजे इथे ट्रान्सकोडिंगला पर्याय नाही. युनिव्हर्सल मीडिया सर्व्हरमध्ये ‘ट्रान्सकोड’ नावाचा एक फोल्डर आपोआप दिसतो. त्यात प्रत्येक व्हिडिओचे आवाज आणि सबटायटलच्या जोड्यांप्रमाणे पर्याय असतात, हवा तो निवडायचा.

पहिल्यांदा सगळीकडे रिकामे चौकोन आले. सबटायटल फाइल देवनागरी साठवणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत जतन केलेली होती, पण वापरला जाणारा फॉन्ट देवनागरी जाणत नव्हता. नोटो सान्स देवनागरी दिला. अक्षरं आली, पण ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न लागता नंतर लागलेली, आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलंत दिसणारे. बाबांना असं वाचायला देणं मला सहन होणारं नव्हतं. देवनागरी नुसती एकापुढे एक अक्षरं मांडून लिहिता येत नाही. वेलांटी कुठे जाईल, र कुठे रफार होईल, हे ठरवणारं आणखी एक काम लागतं. सर्व्हर ट्रान्सकोडिंगसाठी वापरत असलेल्या एमएनकोडर या प्रोग्रॅमचं जुनं सबटायटल यंत्र ते करत नव्हतं. एफएफएमपेग सबटायटलसाठी लिबअ‍ॅस वापरतं, आणि त्याला अक्षरं नीट जुळवणाऱ्या हार्फबझची जोड असेल तर ही मांडणी अचूक होते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एमएनकोडर खाली ढकलून एफएफएमपेग वर आणलं. ‘आत्याच्या’, ‘म्हणाल्या’, ‘दुसऱ्या’, सगळं जसं लिहिलं होतं तसं उमटलं. मग अक्षरांचा आकार वाढवला, कडेला जाड काळी रेघ दिली, आणि एका वेळी दोनच ओळी येतील असा मजकूर तोडला. कमी ऐकणाऱ्या माणसासाठी सबटायटल लिहिताना बोलणाऱ्याचं नाव आधी द्यावं, हे बाबांनीच सुचवलं. ते फार बरोबर आहे. पाठमोरं माणूस बोलत असेल तर नावाशिवाय काहीच कळत नाही.

पुढे नातेवाईक फोनवर काढलेले व्हिडिओ पाठवू लागले. त्यातले बरेच एचईव्हीसी या एच.२६४च्या पुढच्या पद्धतीत असतात. हा प्रकार २०१३ साली ठरला, कन्सोल २००६चा. त्याला तो येणं शक्यच नाही. हे व्हिडिओ पूर्ण नव्याने बनवावे लागतात. त्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. उभे काढलेले व्हिडिओ फाइलमध्ये प्रत्यक्षात आडवेच असतात, सोबत फक्त ‘फिरवा’ अशी खूण असते. एफएफएमपेग नव्याने बनवताना ते स्वतःच फिरवतं, पण नुसता डबा बदलला तर ही खूण गळून पडू शकते. आणि एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपून, काढलेलं चित्र तसंच साध्या रंगांत उतरवलं तर ते धुवून निघाल्यासारखं फिकट दिसतं. टोन मॅपिंग करूनच, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्याला बसवूनच उतरवायचं.

नवे कन्सोल ज्यांच्याकडे आहेत त्यांचं काम सोपं आहे. प्लेस्टेशन ४ला २०१५ साली मीडिया प्लेअर मिळाला, तो एमकेव्ही थेट उघडतो. एक्सबॉक्स वनवर कोडी हा मीडिया प्लेअर २०१७पासून आहे. पण जुना कन्सोल नीट चालत असेल तर निव्वळ व्हिडिओसाठी तो बदलण्याची मला तरी गरज दिसत नाही.

एवढं सगळं झाल्यावर कॉम्प्युटरच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ‘स्लीप’ बंद करायला विसरू नका. कीबोर्डला कुणी हात लावत नाही म्हणून कॉम्प्युटर झोपी गेला तर व्हिडिओ मध्येच थांबतो, आणि तेव्हा कन्सोलवर जो संदेश येतो त्यावरून खरं कारण कळत नाही. पडदा बंद होऊ द्या, कॉम्प्युटर जागा राहू द्या.